खोली घेण्याआधी थांबा पाहावा

प्रश्न : माझी मुलगी यंदा पुण्यात शिवाजीनगर भागातील महाविद्यालयात शिकायला गेली असून कोथरूडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. कोल्हापुरात ती के.एम.टी.च्या शहर बसने ये-जा करीत असे. पुण्यातल्या बसचे काही कळत नाही म्हणून ती सहा किलोमीटरचे अंतर रोज रिक्षाने जाते आणि महिन्याला पाच हजारांच्या आसपास त्यातच जातात. पास काढावा, मेट्रोने जावे, की तिला जुनी दुचाकी घेऊन द्यावी? — एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आपल्या मुलीने उधळपट्टी केलेली नाही, हे आधी सांगतो. पुण्यात 1 सप्टेंबर 2022 पासून रिक्षाच्या मीटरला पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे दर किलोमीटरला 17 रुपये पडतात. या हिशेबाने सहा किलोमीटरचे एका वेळचे भाडे 101 रुपये 50 पैसे होते आणि पंचवीस दिवसांची ये-जा धरली तर पाच हजारांचा आकडा बरोबर जुळतो. हेच अंतर पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, बसने 20 रुपयांत होते, कारण 1 जून 2025 पासून पहिल्या पाच किलोमीटरला 10 रुपये आणि पाच ते दहा किलोमीटरच्या टप्प्याला 20 रुपये असे दर आहेत. म्हणजे महिन्याचा खर्च पाच हजारांवरून एक हजारावर येतो.

पासाच्या बाबतीत मात्र घाई करू नये. पास काढला की स्वस्त पडते असे आपण सगळेच धरून चालतो, पण तो कोणता पास आहे यावर सारे अवलंबून असते. सर्वसाधारण मासिक पास 1500 रुपयांना मिळतो, आणि आपल्या मुलीचा सुट्या तिकिटांचा खर्चच एक हजार होत असल्याने या पासात तिचे पाचशे रुपये वाया जातील. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा 70 रुपयांचा दैनंदिन पासही 20 रुपयांच्या किमान चार फेऱ्या झाल्या तरच परवडतो, त्यामुळे तो खरेदीला किंवा कागदपत्रांच्या कामासाठी दिवसभर फिरायचे असेल त्या दिवसापुरता काढावा. तिच्यासाठी योग्य पास विद्यार्थ्यांचा, आणि तो सर्वसाधारण पासापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. महाविद्यालयाच्या कार्यालयातून बोनाफाईड दाखला मिळताच तिने त्याचा अर्ज करावा.

मेट्रोचा विचार तिने जरूर करावा. वनाज ते रामवाडी ही मार्गिका कोथरूडमधूनच जाते, तिकीट 10 ते 35 रुपयांच्या दरम्यान असते आणि विद्यार्थी कार्डावर 30 टक्के सवलत मिळते. जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून दुसऱ्या मार्गिकेची गाडी धरली की पुढचेच स्थानक शिवाजीनगर आहे. समजा तिकीट 20 रुपये पडले, तर सवलतीनंतर ते 14 रुपये होते आणि महिना 700 रुपयांत निघतो. पण तिची खोली स्थानकापासून दीड-दोन किलोमीटर आत असेल आणि तेवढ्यासाठी ती रोज रिक्षा करणार असेल, तर दोन वेळचे पन्नास रुपये वाढून वाचवलेले बरेचसे पैसे तिथेच जातील. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की परक्या शहरात खोली पाहताना भाड्याआधी थांबा पाहावा. पाचशे रुपयांनी स्वस्त असलेली आतल्या गल्लीतली खोली पुष्कळदा महागच पडते. यंदाचा करार झाला असेल तर पुढच्या वर्षी हे ध्यानात ठेवावे.

बसचे काही कळत नाही, ही तिची अडचण आठवडाभरात सुटण्यासारखी आहे. माझी पुतणी पुण्यात शिकायला गेली तेव्हा तिने पहिले आठ दिवस वहीच्या शेवटच्या पानावर थांब्यावर आलेल्या प्रत्येक बसचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवली. त्या पानावरून तिला कळले, की साडेआठच्या सुमारास तिच्या उपयोगाच्या दोन बस पाठोपाठ येतात आणि त्यातली मागची बरीच रिकामी असते. पुढे वर्षभर ती त्या मागच्या बसमध्ये बसून गेली. आता ‘आपली पीएमपीएमएल’ या ॲपवर बस कुठवर आली हे दिसते आणि तिकीटही काढता येते, तरी आठ दिवस स्वतः नोंद करण्याला पर्याय नाही, असे मी अनुभवाने म्हणतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. 17 मार्च 2023 पासून महिलांना मिळणारी निम्म्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, पीएमपीएमएलची नाही. आपल्याकडच्या मुली एसटीतून उतरतात आणि शहर बसमध्येही अर्धे तिकीट मागून वाहकाशी हुज्जत घालतात. त्यात वाहकाचा काही दोष नसतो. कोल्हापूर ते स्वारगेट प्रवासाला मात्र ती सवलत पुरेपूर घ्यावी. स्वारगेटला उतरल्यावर हातात चटणीचा डबा, तांदळाची पिशवी आणि पाठीवर बॅग असली, की समोर येईल त्या रिक्षात बसावेसे वाटते. अशा वेळी तेथूनच मेट्रो आहे आणि जिल्हा न्यायालय स्थानकावर बदलून थेट कोथरूडला जाता येते, हे तिला आठवणीने सांगावे. कोयना एक्सप्रेसने आली तर पुणे रेल्वे स्थानकाजवळचे मेट्रो स्थानक वनाजच्याच मार्गिकेवर असल्याने गाडी बदलावीही लागत नाही.

जुनी दुचाकी पहिल्या वर्षी घेऊ नये. पेट्रोल, दुरुस्ती आणि विमा यांचा खर्च तर आहेच, पण अनोळखी रस्त्यांवर गर्दीच्या वेळी ती गाडी चालवत असताना आपला जीव इथे टांगणीला लागेल, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : मुलाला मुंबईत दादरला नोकरी लागली असून तो डोंबिवलीला राहणार आहे. लोकलचा पास महिन्याचा काढावा की वर्षाचा? — एक वाचक, गारगोटी

उत्तर : तिमाही पासाला मासिक पासाच्या 2.7 पट, सहामाहीला 5.4 पट आणि वार्षिक पासाला 10.8 पट पैसे पडतात. म्हणजे तीन महिन्यांचा पास काढला तरी वर्षाच्या पासाइतकीच, दहा टक्के बचत होते, म्हणून नोकरी आणि खोली स्थिर होईपर्यंत त्याने तिमाही पासच घ्यावा. साध्या दुसऱ्या वर्गाचा पास वातानुकूलित लोकलमध्ये चालत नाही, आणि घाईत समोर आलेल्या गाडीत चढून दंड भरणारे नवखे पुष्कळ असतात, हे त्याला निघण्याआधीच सांगून ठेवावे. दादरला उतरून पुढे बेस्टची बस लागणार असेल, तर 9 मे 2025 पासून साध्या बसचे किमान भाडे 10 रुपये झाले आहे. कार्यालय पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल तर त्याने ते अंतर चालत जावे, म्हणजे महिन्याला पाचशे रुपये वाचतील.