कोरोनाच्या सुरुवातीला लोकांच्या वागण्यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकलं?

मला विचाराल तर २२ मार्च २०२० ची संध्याकाळ. जनता कर्फ्यू सकाळी ७ ते रात्री ९, आणि ५ वाजता दारात नाहीतर बाल्कनीत उभं राहून डॉक्टर-नर्स वगैरे लोकांसाठी पाच मिनिटं टाळ्या-थाळ्या वाजवा, एवढंच सांगितलं होतं हो. तर काही ठिकाणी लोक थेट रस्त्यावर, ताशे काय, शंख काय, गर्दी करून मिरवणूकच! दिवसभर घरात बसलात ते मग कशासाठी?

वर व्हॉट्सॲपवर ज्ञान चालूच, की टाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो, १४ तास कोणी बाहेर पडलं नाही की साखळी तुटते. शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की असं काही नसतं. त्याआधी चिकनने कोरोना होतो म्हणून अफवा, त्यात पोल्ट्रीवाले बिचारे फुकट मेले, पक्षी अक्षरशः मातीमोल भावाने गेले.

आणि ते होम क्वारंटाईनवाले! डाव्या हातावर शिक्का असताना ट्रेनने निघालेले, पालघरला गाडीतून उतरवले होते काहींना. शिकलेली माणसं ही, परदेशातून आलेली.

सरकारही काही कमी नाही म्हणा. २४ तारखेला रात्री ८ ला भाषण आणि १२ पासून देश बंद, म्हणजे हातात चार तास, मग किराणा दुकानासमोर झुंबड उडणार नाही तर काय होणार? आणि रोजंदारीवाल्यांचं काय, ते तर भाषणात धड आलंच नाही.