एचआर सध्याचा पगार विचारतोय. खरा सांगू की टाळू? आणि ऑफर आल्यावर वाढवून मागितलं तर ती काढून घेतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. खोटं सांगू नका, आणि आकडा आधी तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. दुसऱ्याकडे नंतर येते. त्याआधी थोडं माझं ऐकावं लागेल, कारण हा प्रश्न वाचून हातातलं काम बाजूला ठेवलंय मी.

मी हिशेब खात्यात होते. महिनाअखेरीला सगळी खाती जुळवून वर अहवाल पाठवायचा, हे काम चार वर्षं केलं. मग एक नवा सहकारी आला, अनुभव माझ्यापेक्षा दोन वर्षं कमी, आणि त्याला शिकवायचं काम माझ्याकडे. मुलगा हुशार होता, नम्र होता, तक्रारीला जागा नाही. एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आला. करासाठीचा कसलासा फॉर्म भरायचा होता. "ताई, हा आकडा कुठल्या रकान्यात टाकू?" एका बाजूला फॉर्म, दुसऱ्या बाजूला त्याची पगाराची स्लिप उघडी. माझ्या पगाराच्या सव्वापट. मी बोट ठेवून रकाना दाखवला, "इथे" म्हणाले. आवाज अगदी नीट होता माझा, ते अजून आठवतं.

काही दिवसांनी त्यालाच विचारलं, एवढा कसा मिळवलास? तो म्हणाला, "त्यांनी विचारलं अपेक्षा किती, मी सांगितली. थोडं कमी करून दिलं." बस, एवढंच. मी मात्र चार वर्षांपूर्वी 'सध्याचा पगार' या चौकटीत इमानदारीने आकडा भरला होता. त्यांनी त्यावर थोडंसं चढवून ऑफर दिली आणि मी खूश होऊन सही केली. माझी किंमत माझ्या कामावरून ठरलीच नव्हती. आधीच्या मालकाने मला किती स्वस्तात ठेवलं होतं, त्यावरून ठरली.

आकड्याचा हा खेळ जुना आहे. ट्वर्स्की आणि कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग छापला. लोकांसमोर एक चाक फिरवायचं. ते मुद्दाम असं केलेलं की १० वर थांबेल किंवा ६५ वर. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चाकाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. फिरत्या चाकाने माणसं एवढी हलतात, तर तुमच्या पगाराच्या स्लिपने एचआर किती हलेल ते बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१८ पासून ऑफर देण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी आहे. उगाच नाही केली.

तर मी सरांकडे गेले. आणि सगळं चुकीचं बोलले. घरखर्च वाढलाय म्हणाले, त्या मुलाला जास्त आहे हेही बोलून गेले. माझ्या कामाबद्दल एक वाक्य नाही. सर टेबलावरचं कॅलेंडर उगाच सरळ करत बसले होते. "यंदा बजेट संपलंय," म्हणाले. आणि मी उठता उठता, "तू पैशासाठी काम करणाऱ्यांतली वाटली नव्हतीस."

या वाक्यावर मला त्या दिवशी काही सुचलं नाही. नंतर इतक्या वेळा सुचलंय की विचारू नका. याच सरांनी मला एकदा एका पुरवठादाराला तीन वेळा फोन करायला लावला होता, बिलात दोन टक्के सूट मिळावी म्हणून. तिसऱ्या फोनला मिळाली, तेव्हा "शाब्बास" म्हणाले. कंपनीने घासाघीस केली की तो व्यवहार, आणि मी केली की हाव? पुरवठादाराला कोणी म्हणतं का, तू पैशासाठी माल विकणाऱ्यांतला वाटला नव्हतास?

तीन महिन्यांनी मी बाहेरची ऑफर आणून राजीनामा दिला. दोन दिवसांत बजेट सापडलं. वीस टक्के वाढीचं पत्र आलं, आणि मी मूर्खासारखी थांबले. पुढच्या वर्षी वाढीच्या वेळी उत्तर मिळालं, "तुला मध्येच दिलीय ना?" हातात शून्य. नव्या सिस्टीमच्या कामातूनही वगळलं, कारण ही किती दिवस टिकेल कोण जाणे. आठ महिन्यांनी गेलेच. राजीनामा दिल्यावर मिळालेल्या वाढीवर थांबू नये हे माझं ठाम मत आहे. जी किंमत तुम्ही दाराशी पोचल्यावर आठवते, ती आधीही ठाऊक होती त्यांना.

नव्या ठिकाणी मात्र शहाणी झाले होते. अपेक्षा विचारली, तेव्हा म्हटलं, "या पदासाठी तुम्ही किती ठेवलंय, ते कळलं तर बोलता येईल." तिकडून शांतता. मग पुन्हा, "तरी, साधारण?" मी पुन्हा तेच, हसून. पोटात गोळा आला होता. तिसऱ्यांदा त्यांनीच पगाराचा पट्टा सांगितला, कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती, आणि त्याचं खालचं टोक मी मागायचं ठरवलेल्या आकड्याच्या वर होतं! गप्प बसण्याचा इतका मोबदला मला आयुष्यात कधी मिळाला नाही. मग वरचं टोक मागितलं, आणि या वेळी घरखर्च काढला नाही. महिनाअखेरीची खाती जुळवून बंद व्हायला नऊ दिवस लागायचे, ते मी पाचवर आणले, हे कागदावर दाखवलं. वरचं टोक दिलं नाही त्यांनी, त्याच्या थोडं खाली दिलं. शिवाय सहा महिन्यांनी फेरविचार, लेखी.

थोड्या फरकासाठी कशाला ताणायचं असं वाटत असेल, तर हिशेब खात्यातलीच म्हणून सांगते. एक जण १०० वर लागला, दुसरा ११५ वर. दोघांना दर वर्षी आठ टक्के वाढ. नऊ वाढींनंतर पहिला २०० वर, दुसरा २३० वर. पंधराचा फरक तीस झाला, कोणी काही जास्त न करता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एकदा सभ्यपणे मागितलं म्हणून ऑफर काढून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. पण मी स्वतः पाहिलेल्या ऑफरा किती, तर चार. हो म्हणून झाल्यावर पुन्हा मागायला गेलात, किंवा तिसऱ्यांदा ताणलंत, तर वैतागतीलच.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं. जिथे पगाराची श्रेणी ठरलेली असते तिथे यातलं काही चालत नाही. तिथे फार तर कुठल्या श्रेणीत घेताय आणि आधीचा अनुभव धरताय का, यावर बोला. फॉर्ममध्ये सध्याचा पगार भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर खरा भरा. स्लिपा नंतर मागतात, आणि तिथे पकडलं गेलं तर ऑफर खरंच जाते. पण त्याच फॉर्ममध्ये अपेक्षाही लिहा, नाहीतर एकच आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. हातात दुसरी ऑफर नसेल तर आहे असं भासवू नका. "मग घ्या तीच" म्हणाले तर काय कराल?

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. मला ती म्हण आवडत नाही. रडायचं कशाला? मी एकदा रडून पाहिलंय, सरांच्या केबिनमध्ये, घरखर्चाच्या नावाने. एचआरचा फोन येण्याआधी तुमच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी आकड्यांसकट कागदावर लिहून समोर ठेवा. आणि ऑफर फोनवर सांगितली तर लगेच हो म्हणू नका, मेलवर मागवून घ्या.