सरडा की न्यूट?

इंग्लंडमधील घराच्या बागेत कुंडीखाली दिसलेला चार पायांचा तपकिरी प्राणी आपल्याला सरडा वाटणे स्वाभाविक आहे, कारण महाराष्ट्रात न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी मुळीच आढळत नाही आणि भारतातही तो दार्जिलिंग, सिक्कीम व ईशान्येकडील डोंगराळ भागापुरताच मर्यादित आहे. मात्र ओलसर जागी निवांत पडून राहणारा आणि दगड हलवला तरी संथपणे सरकणारा प्राणी इंग्लंडमध्ये बहुधा न्यूटच असतो. सरडा उन्हात अंग शेकतो व चाहूल लागताच पसार होतो. अर्थात गारठ्यात तोही मंदावतो, म्हणून केवळ हालचालीवर विसंबू नये.

त्वचा नीट पाहावी. सरड्याच्या अंगावर कोरडे खवले असतात, तर न्यूट बेडकाप्रमाणे उभयचर असल्याने त्याच्या अंगावर खवले नसतात आणि जमिनीवर असताना त्याची कातडी मखमलीसारखी दिसते. माझ्या मते सर्वांत खात्रीची खूण पुढच्या पायांवर सापडते: सरड्याला पाच बोटे व टोकदार नख्या असतात, न्यूटला चारच बोटे असून नख्या नसतात. छायाचित्र मोठे करून पाहिल्यास हे सहज कळते.

प्राण्याला हात मात्र लावू नये. सरडा घाबरून शेपूट टाकतो. आणि काळसर, खरबरीत पाठीचा, नारिंगी पोटाचा, सुमारे 15 सेंटिमीटर लांबीचा तुरेवाला न्यूट परवान्याशिवाय पकडणे तेथे गुन्हा आहे. उचललेला दगड आधी जागेवर ठेवावा आणि प्राण्याला स्वतःहून त्याखाली शिरू द्यावे.