बालीतला एक दिवस आणि दुकानाची पिग्मी

खानापूरच्या ताई, नोव्हेंबरातल्या बाली सहलीचे पैसे तुम्ही भरलेत. आता एजंट म्हणतो, आणखी १६,००० द्या. उबूडजवळ भातशेतीतून एटीव्ही (चिखलातही चालणारी जाड चाकांची उघडी गाडी), मग धबधब्यावर पोहणं, गाईड आणि जेवण धरून दोघांचा पूर्ण दिवस. यजमानांची उद्यमबागेतली पगारवाढ लांबलीय, म्हणून शिलाईच्या दुकानाची ३८,००० ची पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरून साठवलेली ठेव, मोडावी का, असं तुम्ही विचारता.

सफर करा, पिग्मी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याजावर पाणी सोडावं लागतं, आणि ते पैसे मुलाच्या जूनच्या फीचे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. खरेदीसाठी वेगळे ठेवलेले २५,००० आहेत ना? त्यातून द्या. लाकडी मांजरं घरी आणून धूळ पुसत बसण्यापेक्षा चिखलात एटीव्ही चालवलेली बरी, हे माझं मत. दोघांत एकच एटीव्ही घेतली तर दर कमी पडतो, तेही विचारा.

माझी काळजी १६,००० ची नाही, विम्याची आहे. एटीव्हीवर बसण्याआधी तिथे एका कागदावर सही घेतात: इजा झाली तर जबाबदारी आमची नाही, अशा अर्थाची. मग हात मोडला तर भिस्त तुमच्या प्रवास विम्यावर. बऱ्याच साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. जादा हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागतात. जोडले तरी हेल्मेट नसणं किंवा दारू घेतलेली असणं, एवढ्यावर क्लेम अडतो. परदेशी पाहुण्याला खासगी दवाखान्याचं बिल लाखांत जाऊ शकतं, आणि तेव्हा पिग्मीच काय, दागिनेही गहाण पडतील. एजंटाचं ‘सगळं कव्हर आहे’ धरू नका. पॉलिसीत एटीव्हीचा उल्लेख कुठल्या पानावर आहे, ते दाखवायला सांगा.

नोव्हेंबरात तिकडे पावसाळा सुरू होतो. पाणी वाढून पोहणं बंद ठेवलं तर किती पैसे परत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या.

किरकोळ खर्चही धरा. विमानतळावरचा व्हिसा माणशी ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचं चलन), फेब्रुवारी २०२४ पासूनचा पर्यटक कर १,५०,०००. मिळून माणशी साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. पॅकेजमध्ये हे आहे का बघा. तिथे कार्ड वापरताना मशीनने रुपये की रुपिया विचारलं तर रुपिया निवडा; रुपये निवडले की दर महाग लागतो. एजंटाने टीसीएस (सहलीच्या पैशांबरोबर आधीच घेतला जाणारा आयकर) घेतला असेल तर पावती जपा. रिटर्न भरताना तो वळता करून मिळतो.

आणि पिग्मी बँकेत आहे की सौहार्द सोसायटीत, म्हणजे सहकारी पतसंस्थेत? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. सोसायटीत असेल तर मुदत संपल्यावर फीचे पैसे बँकेत हलवा.