पहिली जुनी शिलाई मशीन घेताना

ताई, सिंगरचं नाव काढलं की भाव फुगतो. सुरुवातीला जुनी काळी उषाच बघा. सुया, बॉबिन (खालच्या धाग्याची छोटी रीळ), चाक फिरवणारा चामडी पट्टा कोल्हापुरात सहज मिळतं. रंग उडालाय म्हणून सोडू नका. बॉबिन केस (ती रीळ बसवायची धातूची डबी) जागेवर आहे ना, तेवढं आधी बघा.

चाक अडलं तरी घाबरायचं नाही ओ. बहुतेकदा कुणीतरी घातलेलं खोबरेल सुकून चिकटलेलं असतं. सांध्यांत थेंबथेंब रॉकेल सोडा (सोनेरी नक्षीवर नको), रात्रभर ठेवा, पुसा, मग मशीनचंच तेल. जोर लावू नका.

नवीन माणसाच्या ठरलेल्या चुका:
- सुई उलटी बसवणं.
- खाली गुंता झाला की बॉबिन केसचा स्क्रू पिळणं. दोष बहुधा वरच्या धाग्याचा असतो. दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरते ती) उचलून वरचा धागा पुन्हा ओवा.

पावसाळ्यात पट्टा सैलावतो, थोडा कापून जोडा. मोटर बसवायचं नंतर बघू.