पंधरा हजार ऐकलं कोणी?

प्रश्न : वैमानिक आणि एटीसीवाले (जमिनीवरून विमानांना वाट आणि उंची सांगणारे कंट्रोलर) दोघेही इंग्रजीतच बोलतात, शिवाय सांगितलेलं परत म्हणूनही दाखवतात. तरी ‘गैरसमजातून अपघात’ असं वाचायला मिळतं. मग परत म्हणून दाखवण्याचा उपयोग काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : उपयोग आहे, आणि मोठा आहे. माझी सारी नोकरी एटीसीत कानाला हेडफोन लावून गेली. पण रीडबॅकवरून, म्हणजे या परत म्हणून दाखवण्यावरून, एवढंच कळतं, की विमानातल्या कुणीतरी एकाने आकडा बरोबर ऐकला. ज्याच्या हातात कंट्रोल आहेत त्याच्यापर्यंत तो पोचला का, हे खाली बसून कळत नाही.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ घ्या. दिल्लीहून सौदीचं बोइंग ७४७ चढत होतं, समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-७६ उतरत होतं. येण्या-जाण्याची वाट तेव्हा एकच, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे. कंट्रोलरने सौदीला १४ हजार फुटांवर थांबवलं, कझाकला १५ हजारांवर. मधे हजार फूट. नियमात बसणारं, रोजचं काम.

कझाक विमानात रेडिओवर वैमानिक बोलत नव्हते. सोव्हिएत पद्धतीचा वेगळा रेडिओ ऑपरेटर होता, आणि त्याच्यापुढे उंची दाखवणारं उपकरणच नव्हतं! वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघायचं. अशी बैठक कुणी आखली असेल, देव जाणे. कंट्रोलरने त्यांना समोरच्या विमानाची सूचना दिली : १४ मैल, मग १३ मैल, लेव्हल १४०, म्हणजे १४ हजार फूट. हा आकडा सौदीचा. कझाक चमूला मीटरमध्ये उंची मोजायची सवय, त्यात इंग्रजी कच्चं. तो आपल्यालाच सांगितलाय असं त्यांना वाटलं असावं. विमान १५ हजारांच्या खाली आलं. ऑपरेटरने आत ओरडून १५० ची आठवण करून दिली, तोवर उशीर झाला होता. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमानं धडकली, ३४९ माणसं गेली.

‘मग कंट्रोलर काय बघत बसला होता?’ लग्नकार्यात भेटणारेही मला हे विचारतात. तो ठिपके बघत होता. दिल्लीचं तेव्हाचं रडार विमान कुठे आहे ते दाखवी, किती उंचावर आहे ते नाही. विमानाने सांगितली तीच उंची खरी मानायची. अपघाताची चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने दोष कझाक चमूला दिला, तो मला मान्य आहे. पण येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार चालू झालं, धडकेचा इशारा देणारं टीकॅस सक्तीचं झालं, ते सगळं त्यानंतर. आमच्या पिढीला याचा राग आहे.

हाताखालच्या पोरांना मी एक सवय लावली होती : दुसऱ्या विमानाची लेव्हल सांगण्याआधी ऐकणाऱ्याला त्याची स्वतःची लेव्हल पुन्हा सांगायची. फ्रिक्वेन्सीवर गर्दी असली की पोरं कुरकुरत. आणि हल्ली कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिक स्वतः ऐकतात. एकाने उंचीचा आकडा बसवला, की दुसरा त्यावर बोट ठेवून तो मोठ्याने म्हणतो. तुम्ही म्हणता तो उपयोग तिथे पुरा होतो.