‘लेकरू मला आई म्हणेना’

“लेकरू परकं झालं, मॅडम.” आखातात घरकामाला गेलेल्या बाया सुट्टीवर सोलापूरला आल्या की माझ्याकडं समुपदेशनाला येतात, तेव्हा हेच ऐकते. कुवेतसारख्या देशात या कामाला जायची परवानगी बाईला 30 वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. म्हणजे जाणारी बहुधा शाळकरी लेकरांची आईच.

तपशील बदलून एकीचं सांगते. दोन वर्षांनी कुवेतहून आली होती. सात वर्षांचा मुलगा विड्या वळणाऱ्या आजीला ‘आई’ म्हणायचा, हिच्याजवळ फिरकायचा नाही.

पहिल्या दोन भेटी रडण्यात आणि सासूवरच्या रागात गेल्या. “म्हणू दे आजीला आई, हिसकावू नका,” मी म्हणाले. 1964 साली शॅफर आणि इमर्सन या मानसशास्त्रज्ञांनी ग्लासगोतल्या 60 बाळांचा अभ्यास मांडला. दीड वर्षाची होईतो बहुतेकांचा जीव एकाहून जास्त माणसांत गुंतला होता. माझा त्यावर फार विश्वास. तिला ग्लासगोशी काय देणंघेणं! “रोज फोन करते की. तरी हूं नाही का चूं नाही.”

तिसऱ्या भेटीला आजीलाही बोलावलं.

“फोन किती वाजता करता?”

“तिकडं नऊला. भांडी आवरली की मालकीण मोबाइल देते.”

कुवेत आपल्या अडीच तास मागं. बोटांवर मोजलं. “म्हणजे इथं साडेअकरा.”

आजी पुटपुटली, “झोपेतनं उठवून बसवते त्याला. बोल की आईशी म्हणून चिमटा बी काढते.”

ती सासूकडं बघतच राहिली. दोन वर्षं त्या पोराला आई म्हणजे झोपमोड! हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पण सापडलं, याचं समाधान आजही आहे.

आता मी आधी घड्याळाचंच विचारते. रात्री आवाज रेकॉर्ड करून पाठवा, लेकरू सकाळी शाळेआधी ऐकेल. ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ ही हजेरी नको. आज खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, करपली, धुळीचं वादळ आलं, असलं काही सांगा. कुवेतच्या 2015 च्या कायद्यात घरकामगाराला आठवड्याची सुट्टी आहे. ती हातात पडत असेल तर त्या दुपारी व्हिडिओवर बोला. आणि आज्यांनो, चिमटे नकोत.

ती परत गेली. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाल्यावर आजी मोबाइल घेऊन आली. पोरानं आईला पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं: साडेतीन मिनिटं नुसते यात्रेच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज, सातही. आजीची तक्रार वेगळीच होती. “सकाळी ह्याचं बोलणंच संपेना, मॅडम. शाळेला उशीर होतोय.”